चाळीस पानांचं डॉक्युमेंटेशन लिहिलं, तरी लोक तेच तेच का विचारतात?

नंतर वाचणाऱ्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. निपाणी भागातल्या एका मुलानं गावातल्या दूध संस्थेच्या हिशोबासाठी पायथॉनमध्ये एक लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही वापरता येणारा तयार कोड) लिहिली. फॅट आणि लॅक्टोमीटरचं रीडिंग टाकलं की ती एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) काढते, दरपत्रकावरून दर लावते आणि दहा दिवसांचं बिल बनवते. ती त्यानं ओपन सोर्स केली, म्हणजे कोड सगळ्यांना खुला केला, आणि प्रोजेक्टच्या विकीवर चाळीसेक पानं डॉक्युमेंटेशन (डॉक्स, म्हणजे वापरायची माहिती) लिहिलं. तरी इश्यूमध्ये (प्रश्न-तक्रारी टाकायच्या जागी) लोक तेच तेच विचारतात, मदतीला आलेली दोन-तीन पोरं महिनाभरात गायब झाली, आणि आता तो विचारतोय की डॉक्स अजून वाढवू का, मराठीत करू की कन्नडात, की हा नाद सोडून सरळ कोडकडे बघू.

सोडू नकोस. (तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नकोस, मी सतरा वर्षं बेळगावात बसून हेच काम करतोय, तुझ्यापेक्षा बराच मोठा असणार.) पण वाढवूही नकोस, निदान आत्ता तरी. तुझा रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड ठेवलेली जागा) काल रात्री बसून वाचला, विकी पण वाचली, सगळी चाळीस पानं. मेहनत दिसते. पण माझ्या मते अडचण कमी लिहिण्याची किंवा भाषेची नाहीच. तू तीन वेगळ्या माणसांना एकाच वेळी एकाच पानावर सांगायला बघतोयस. एक, संस्थेचा सेक्रेटरी किंवा त्याचा पोरगा, ज्याला सकाळी सहाला रांग लागायच्या आत मशीन चालू करायचं असतं. दुसरा, तुझ्यासारखाच एखादा प्रोग्रॅमर, ज्याला तुझी लायब्ररी त्याच्या ॲपमध्ये घालायची आहे. आणि तिसरा, ज्याला तुझ्या कोडात बदल करायचाय. पहिल्याला क्लास आणि मेथडची नावं बघून भीती वाटते, दुसऱ्याला 'कॉम्प्युटर चालू करा' पासूनची वाक्यं नको असतात, आणि तिसऱ्याला हवं ते, म्हणजे हे असं का केलंय, ते तुझ्या चाळीस पानांत कुठेच नाही. तिघंही दोन मिनिटं शोधतात, सापडत नाही, मग इश्यू टाकतात. त्यांचं काही चुकत नाही.

आता यातलं किती करायचं हे परिस्थितीवर आहे आणि ते आधीच कबूल करतो. वापरणारे चारच लोक असतील आणि चौघांचे फोन नंबर तुझ्याकडे असतील तर फोनवर सांगणं हेच सगळ्यात चांगलं डॉक्युमेंटेशन. कोड दर आठवड्याला मुळापासून बदलत असेल तर सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही, लिहिलेलं शिळं होणार. पण तुझ्या इश्यूंवरून दिसतंय की चिक्कोडी, हुक्केरी, तिकडे कागलपर्यंत लोक वापरतायत, तुला न विचारता वापरतायत, आणि यात पैशाचा हिशोब आहे. हे तीन जिथे एकत्र येतात तिथे लिहिणं टाळता येत नाही.

एक उदाहरण तुझ्याच कोडातलं घेतो, कारण माझं सगळं म्हणणं त्या एका ओळीत आहे. एसएनएफ काढायला तू सीएलआर (लॅक्टोमीटरचं दुरुस्त केलेलं रीडिंग) भागिले चार, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६ असं सूत्र वापरलंयस. बरोबर आहे, पुष्कळ ठिकाणी हेच चालतं. पण फॅट गुणिले ०.२५ अधिक ०.४४ हे सूत्रही तितकंच चालतं. आता फॅट ४.० आणि सीएलआर २८ धर. तुझ्या सूत्रानं ७ अधिक ०.८४ अधिक ०.३६, म्हणजे ८.२०. दुसऱ्यानं ७ अधिक १ अधिक ०.४४, म्हणजे ८.४४. दूध तेच, बरणी तीच, आणि फरक ०.२४ चा. दरपत्रक ०.१ च्या पॉइंटनं उतरतं, म्हणजे दोन पॉइंटच्या वर फरक पडला, आणि तो थेट शेतकऱ्याच्या बिलात. तुझ्या इश्यूंमध्ये 'एसएनएफ चुकीचा येतोय' असे सहा इश्यू आहेत, मी मोजले. सहाही वेळा तू 'माझ्याकडे बरोबर येतोय' म्हणून बंद केलेत. ते चुकीचे नव्हते आणि तूही चुकीचा नव्हतास, त्यांच्या संस्थेचं सूत्र वेगळं होतं एवढंच. रीडमीमध्ये (प्रोजेक्ट उघडला की पहिल्यांदा दिसणाऱ्या माहितीच्या फाईलमध्ये) एक ओळ असती, की ही लायब्ररी अमुक सूत्र वापरते, बदलायचं असेल तर इथे बदला, आणि लॅक्टोमीटरचं रीडिंग तापमानाची दुरुस्ती करून मगच द्या, तर सहाच्या सहा इश्यू आलेच नसते. चाळीस पानं आहेत आणि ती एक ओळ नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: तुझे बंद केलेले इश्यू हीच तुझ्या डॉक्सची यादी आहे, नवीन काही सुचवायची गरज नाही. सगळे इश्यू उघड, सारखे सारखे एकत्र कर, आणि जो प्रश्न दोनदा आला त्याचं उत्तर इश्यूमध्ये लिहायच्या ऐवजी डॉक्समध्ये लिही आणि इश्यूमध्ये त्याची लिंक दे. मी गेली कित्येक वर्षं असंच करतो. पहिल्यांदा विचारलं तर माणसाला उत्तर, दुसऱ्यांदा विचारलं तर पानाला उत्तर. यानं डॉक्स हळू वाढतात पण वाढतात तिथेच जिथे माणूस अडतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. माझी स्वतःची एक छोटी लायब्ररी आहे, कन्नड लिपीतला मजकूर देवनागरीत करते. आपल्याकडे जमिनीचा उतारा कन्नडात येतो, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, त्यासाठी सुरू केलेली. खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवणारी एक ताई ती वापरायला बघत होती आणि तिला जमेना. मी म्हटलं येतोच, आणि गेलो. तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि ठरवून टाकलं की तोंड उघडायचं नाही, फक्त बघायचं. तिनं माझं रीडमी उघडलं. पहिला परिच्छेद प्रोजेक्ट कसा सुरू झाला याचा, तो तिनं मनापासून वाचला, काहीच उपयोग झाला नाही. मग पहिली कमांड, ती लिनक्सची, आणि तिचं मशीन विंडोजचं. एरर आली. तिनं परत तीच कमांड टाकली, मग माझ्याकडं बघून म्हणाली, 'माझंच काहीतरी चुकालंय वाटतं.' ते वाक्य मला फार लागलं. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. पुढं 'व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंट चालू करा' एवढंच लिहिलेलं, कसं ते नाही, कारण मला ते श्वास घेण्याइतकं सवयीचं होतं. चाळीस मिनिटं गेली आणि तिच्या हातात एक ओळसुद्धा देवनागरीत आली नाही. मी वहीत अकरा जागा लिहून घेतल्या जिथं ती थांबली. त्या रात्री ते रीडमी पूर्ण पुसून परत लिहिलं.

तू पण हे एकदा कर. तुझ्या ओळखीच्या एखाद्या संस्थेत जा, ज्यानं आधी वापरलेलं नाही अशा माणसाला बसव आणि गप्प बस. गप्प बसणं अवघड आहे, पण तू बोललास की ते बोलणं डॉक्समध्ये नाही हे तुला कळणारच नाही.

आता चाळीस पानांचं काय करायचं. डॅनिएल प्रोचिडा म्हणून एक जण आहे, त्यानं डॉक्सची चार भागांत विभागणी मांडलीय, डायटॅक्सिस म्हणतात तिला. हात धरून शिकवणारा धडा, ठरावीक काम उरकायची कृती, अचूक माहितीचा संदर्भ, आणि मागचं कारण समजावणारं लिखाण. जांगो (पायथॉनमध्ये वेबसाइट बनवायची ओपन सोर्स चौकट), पायथॉनवाले बरेच लोक आता याच पद्धतीनं जातात. मी ती नियम म्हणून पाळत नाही, चाळणी म्हणून वापरतो. तुझं एक पान घे, 'दरपत्रक' नावाचं. त्यात वरती दरपत्रक म्हणजे काय, मग एक्सेलमधून कसं आणायचं, मधेच फंक्शनची सगळी पॅरामीटर्स, मग परत गाय आणि म्हैस वेगळी का ठेवली त्याचं कारण, सगळं एकात. ते फोड. सेक्रेटरीसाठी 'नवीन दरपत्रक कसं चढवायचं' ही एक पानाची कृती, प्रोग्रॅमरसाठी पॅरामीटर्सचं पान, आणि कारण वेगळ्या पानावर. लिहिलेलं वाया जात नाही, फक्त आपापल्या घरात जातं. माझा अंदाज, चाळीसची पंधरा पानं होतील आणि कुणाला काही कमी वाटणार नाही.

रीडमी मात्र छोटं ठेव. पहिल्या स्क्रीनवर, म्हणजे खाली न सरकवता, एवढं दिसलं पाहिजे: हे काय करतं, कुणासाठी आहे, कसं बसवायचं (विंडोज आधी, कारण संस्थांत तेच असतं), आणि एक पूर्ण उदाहरण आकड्यांसकट, फॅट ४.०, सीएलआर २८, उत्तर ८.२०. माणूस ते टाकून बघतो, ८.२० आलं की त्याचा विश्वास बसतो, ८.४४ अपेक्षित असेल तर त्याला तिथेच कळतं की सूत्र वेगळं आहे. आणि काय होत नाही तेही लिही. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ मध्ये निघालं, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं, आणि त्यात प्रत्येक कमांडच्या पानावर 'बग्ज' असा मथळा असायचा, माहीत असलेल्या चुका तिथं उघड लिहिलेल्या. पन्नास वर्षं होऊन गेली, आजही मॅन पेजेसमध्ये (कमांडच्या माहितीपानांत) तो मथळा दिसतो. तुझ्या लायब्ररीत एकाच भांड्यात आलेलं गाय-म्हैस मिक्स दूध धरलेलं नाही, मग लिही की सरळ, 'मिक्स दुधासाठी सध्या चालत नाही'. यात कमीपणा नाही, उलट समोरच्याचा अर्धा दिवस वाचतो.

शिळेपणाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण बहुतेक प्रोजेक्ट इथंच मरतात. गिटहबनं (असे रेपो जिथं ठेवतात त्या साइटनं) २०१७ साली ओपन सोर्सबद्दल एक सर्व्हे केला होता, त्यात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली, आणि हातभार लावणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आम्ही डॉक्समध्ये क्वचित किंवा कधीच काही करत नाही. म्हणजे त्रास सगळ्यांना, काम कुणाचंच नाही. यावर चांगल्या इच्छेनं काही होत नाही, व्यवस्था लागते. विकी हा तुझ्या बाबतीत मोठा दोष आहे. विकी कोडपासून वेगळी राहते, कोड बदलला तरी तिला पत्ता लागत नाही. सगळं उचलून रेपोमध्येच डॉक्स फोल्डरमध्ये आण, आणि नियम कर की ज्या पुल रिक्वेस्टनं (कुणी पाठवलेल्या कोडबदलानं) लायब्ररीची वागणूक बदलते तिच्यातच डॉक्सचा बदल असला पाहिजे, नसेल तर मर्ज नाही, म्हणजे मुख्य कोडात घ्यायचं नाही. जांगोमध्ये हा नियम आहे, नवीन फीचर टेस्ट आणि डॉक्सशिवाय घेत नाहीत. तो प्रोजेक्ट अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मला, २००५ मध्ये खुला झाला, आणि त्याच्या डॉक्सचं नाव आजही घेतलं जातं ते या शिस्तीमुळे, असं मला वाटतं.

दुसरी व्यवस्था म्हणजे उदाहरणं मशीनकडून तपासून घे. पायथॉनमध्ये डॉकटेस्ट २००१ पासून आहे, डॉक्समधलं उदाहरण चालवून बघतं आणि उत्तर जुळलं नाही तर टेस्ट फेल करतं. रस्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत तर डॉक कॉमेंटमधली उदाहरणं टेस्टबरोबर आपोआप चालतात. तुझं ते ४.० आणि २८ चं उदाहरण डॉकटेस्टमध्ये घाल. उद्या कुणी सूत्राला हात लावला आणि ८.२० च्या जागी दुसरं काही आलं, तर माणसाच्या आधी मशीन ओरडेल. स्क्रीनशॉट मात्र कमी कर बाबा. तुझ्या विकीत बावीस आहेत आणि त्यातले निम्मे जुन्या व्हर्जनचे, बटन चित्रात डावीकडे आणि प्रत्यक्षात उजवीकडे. शब्दात लिहिलेलं दुरुस्त करायला एक मिनिट लागतं, चित्र परत काढायला कुणी बसत नाही.

आता ती पोरं का गेली. तुझ्या रेपोत कॉन्ट्रिब्युटिंग फाईल (हातभार कसा लावायचा ते सांगणारी) आहे पण ती कुठूनतरी उचललेली आहे, इंग्रजीत, आचारसंहितेसकट, आणि टेस्ट कशा चालवायच्या हे एवढंच त्यात नाही. शिवाय एका मुलानं रीडमीमधली स्पेलिंगची चूक सुधारून पाठवली होती, ती पुल रिक्वेस्ट एकोणीस दिवस उघडी पडून होती. नवीन माणसाचा पहिला बदल जवळपास नेहमी डॉक्समधला असतो, कारण तोच करायचा त्याला धीर होतो. तो त्याच दिवशी घे, आभार मान, नाव चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) टाक. माझ्याकडे आज सगळ्यात जास्त काम करणारा जो आहे तो आला होता एक काना दुरुस्त करायला.

पण त्यांच्या जाण्याचं खरं कारण मला दुसरंच वाटतं, आणि ते माझ्याकडेही घडलंय. कन्नडात एकार दोन असतात, ऱ्हस्व आणि दीर्घ. पहिला एकार ऱ्हस्व म्हटला की बेळे म्हणजे पीक, दीर्घ म्हटला की बेळे म्हणजे डाळ. मराठीत लिहिलं की दोन्ही 'बेळे'. उताऱ्यावरच्या पिकाच्या रकान्यात हे येतं, त्यामुळे एका हुशार मुलानं सुचवलं की युनिकोडमध्ये देवनागरीला ऱ्हस्व एकाराची वेगळी मात्रा आहे ती वापरू, 'बॆळॆ' असं. शास्त्रानं शंभर टक्के बरोबर. मी घेतलं. आठवड्यात तक्रारी: जुन्या फोनवर मात्रेच्या जागी चौकोन दिसतोय, आणि जिथं नीट दिसतंय तिथं लोकांना ती छपाईची चूक वाटतेय. मग मी ते मागं घेतलं, साध्या 'बेळे'वर आलो आणि ऱ्हस्व मात्रा हवी असेल त्याच्यासाठी वेगळा पर्याय ठेवला. झालं, विसरलो. सहा महिन्यांनी दुसऱ्या मुलीनं तोच बदल परत करून पाठवला, तीन रात्री जागून, टेस्टसकट. आणि मला तिला नाही म्हणावं लागलं, ज्याचं कारण माझ्या डोक्याशिवाय कुठेच लिहिलेलं नव्हतं. ती परत आली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

तेव्हापासून रेपोत 'निर्णय' नावाचा फोल्डर आहे. मायकेल नायगार्डनं २०११ मध्ये याची एक सोपी पद्धत लिहिली होती, ती वापरतो: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, ते अजून लागू आहे की नाही, आणि त्याचे परिणाम काय. एका निर्णयाला एक पान, जास्तीत जास्त. जुना निर्णय बदलला तर पान पुसायचं नाही, त्यावर 'आता लागू नाही, अमुक बघा' लिहायचं. काय केलंय ते कोड वाचून कळतं, कसं चालवायचं ते धडपडून कळतं, पण का केलं ते तू सांगितल्याशिवाय कुणालाही कळायचा मार्ग नाही. म्हणून वेळ कमीच असेल तर बाकी सगळं राहू दे आणि हे लिही.

भाषेचं शेवटी घेतलं कारण ते वरचं झाल्यावरच महत्त्वाचं. माझं मत असं: प्रोग्रॅमरचं पान आणि कॉन्ट्रिब्युटिंग इंग्रजीत राहू दे, उद्या कुणी गुजरातेतल्या आणंदचा किंवा केरळचा माणूस येईल, त्यालाही कळलं पाहिजे. सेक्रेटरीची कृती मराठीत आणि कन्नडात, दोन्हीत, कारण आपल्याकडे एका गावच्या संस्थेत मराठी चालतं आणि पुढच्या गावात कन्नड, आणि दूध दोघांचंही तसंच नासतं. यात कुणाची बाजू घ्यायचा प्रश्नच येत नाही, सकाळी सहाला ज्याला जे वाचता येतं ते त्याला मिळावं. पण तू स्वतः कन्नडात लिहू नकोस जर तुझं कन्नड बोलण्यापुरतंच असेल. बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घे आणि संस्थेतल्याच एकाला वाचायला दे. मशीन ट्रान्सलेशन वापरलंस तर आकडे आणि नकार दोनदा तपास, 'करू नका' चं 'करा' झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तुझ्या मराठी पानावर 'दुग्ध संकलन' आणि 'स्निग्धांश' लिहिलंयस. तुझ्या घरी कोण असं बोलतं? 'डेअरीला दूध घालणं' म्हणतात, 'फॅट' म्हणतात, तेच लिही. आणि प्रत्येक भाषांतराच्या वर कुठल्या व्हर्जनचं आहे ते टाक, म्हणजे मागं पडलं तर निदान दिसतं. तू स्फिंक्स (डॉक्स बनवायचं पायथॉनचं साधन) वापरलंस तर त्यात गेटटेक्स्टची, म्हणजे भाषांतरं सांभाळायची, सोय आहेच, मूळ वाक्य बदललं की कुठलं भाषांतर राहिलं ते कळतं.

हे सगळं एकदम करायला जाऊ नकोस, दमशील. या रविवारी फक्त सूत्राची ओळ, आकड्यांचं उदाहरण आणि ते सहा इश्यू परत उघडून प्रत्येकाला नीट उत्तर. पुढच्या रविवारी विकी रेपोत. मग एखाद्या संस्थेत जाऊन गप्प बसायचं. निर्णयांचा फोल्डर मात्र आजच कर, त्यातलं पहिलं पान मी सुचवतो: ०.२१ आणि ०.३६ तू कुठून घेतलेस? संस्थेच्या वहीतून, मशीनच्या पुस्तकातून की कुणी सांगितलं म्हणून? इथं खाली उत्तर दिलंस तरी चालेल, पण ते तुला आठवतंय तोवर आधी तिथं लिही.